वही पक्की, नोंद खरी?

वाचकहो, लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे हिशेबाच्या वहीचीही पूजा होते. पण वहीतला आकडा कोणी मागाहून बदलला तर कळावं कसं? यावर १९९१ मध्ये आपल्या न्यू जर्सीतल्या बेलकोर संस्थेच्या स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी उपाय मांडला. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा गणिती ठसा घालायचा; एक अक्षर बदललं की पुढचे सगळे ठसे जुळेनासे होतात. १९९५ पासून असा ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापला जाऊ लागला. घरोघरी गेलेले अंक कोण बदलणार? ब्लॉकचेनचं बीज हेच.

आज लिनक्स फाउंडेशनच्या हायपरलेजरसारख्या प्रकल्पांचा कोड सर्वांना खुला आहे. त्यावर गावोगावी तरुणांचे मेळावे भरतात. मुलांनो, जाताना आजी-आजोबांनाही न्या. आणि आजी-आजोबांनो, तिथे बिनधास्त विचारा: “पहिली नोंद कोणी केली?” कारण ठसा फक्त फेरफार पकडतो. मुळात खोटं लिहिलं असेल, तर तेही तितकंच पक्कं राहतं. लिहिणारा माणूस पारखावाच लागतो, आणि ती विद्या आपल्याला भिशीने कधीच शिकवली आहे.

शुभ दीपावली!