घरातली भाषा आणि तपासणीचा रकाना

अंगणवाडीच्या तपासणीत अधिकारी काय पाहतो? मुलांची वजने घेतली का, आहार वेळेवर मिळतो का, लसीकरण पूर्ण झाले का. पूर्वी या नोंदी रजिस्टरांत असत. २०२१ पासून त्या पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर भरल्या जातात. त्या आवश्यकच आहेत, कारण उपाशी मूल शिकू शकत नाही. परंतु ‘या मुलाशी घरी कोण बोलते?’ असा रकाना माझ्या तपासण्यांत मला कधी आढळला नाही, आणि प्रांजळपणे सांगायचे तर तो प्रश्न विचारण्याचे मलाही फार उशिरा सुचले.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यात पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय ठेवली गेली ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याआधीच्या वयाला आहार, लस आणि आरोग्यसेवा मिळाली. मूल बोलायला शिकते ते मात्र याच पहिल्या तीन वर्षांत, आणि बहुतांशी घरातच. अंगणवाडीच्या दारात प्रथम उभे राहणारे मूल आपली शब्दांची शिदोरी बरोबर घेऊन येते. कुणाची भरलेली असते, कुणाची रिकामी. २०२४ मध्ये केंद्र सरकारने जन्म ते तीन वर्षे या वयोगटासाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला, ही उशिरा का होईना, योग्य दिशा आहे.

वस्तुतः हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले शाळेपर्यंत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दातले अंगण म्हणजे मुलाचे घर, त्याची माणसे, त्याची बोली. योजना देशभर पसरली. अंगण मात्र आपण विसरलो.

हा विसर केवळ गरीब वस्त्यांपुरता नाही. बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांत मी त्याचे दुसरे रूप पाहिले. एका शाळेने पालकांना बजावले, की घरी इंग्रजीच बोला. आई मराठीत वाढलेली. तिने आज्ञा पाळली, आणि घरातले संभाषण ‘कम’, ‘ईट’, ‘नो’ एवढ्यावर आले. गोष्ट बंद झाली, चेष्टामस्करी बंद झाली, ‘का?’ला मिळणारे लांबलचक उत्तरही बंद झाले. मुलाला इंग्रजी फारशी मिळाली नाही. मराठी मात्र गेली.

पालक विचारतात, मूल मागे पडणार नाही का? माझे उत्तर असे की गोष्ट शेवटपर्यंत ऐकणे, घडलेले क्रमाने सांगणे, कारण विचारणे या क्षमता मूल ज्या भाषेत कमावते, त्याच भाषेपुरत्या राहत नाहीत. शाळेची आणि शेजारची भाषा ते याच पायावर उभारते. म्हणून आईवडिलांना जी भाषा सर्वांत समृद्धपणे बोलता येते, तीच घरात बोलावी. राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय देण्याचे कर्तव्य राज्यांवर टाकले आहे. निदान घरात तरी ती सोय आपणच काढून घेऊ नये.

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. मेथी निवडताना पाने आणि काड्या वेगळ्या करायला सांगाव्या, पोळ्या मोजायला लावाव्या, आजोबांनी दुपारचा किस्सा मुलाच्या तोंडून ऐकावा, आणि ते अडखळले तर वाक्य पुरे करण्याची घाई न करता थांबावे.

मात्र हा सगळा भार आईवर टाकून शासनाने मोकळे होणे हा अन्याय ठरेल. दिवेलागणीला मजुरीवरून परतणाऱ्या बाईला उपदेश नको, पाळणाघर हवे. अंगणवाडी सेविकेच्या नोंदी कमी करून तिला घरभेटीत दहा मिनिटे मुलाशी बोलायला मोकळीक द्यावी. ते बोलणे पाहून घरातली माणसेही बोलू लागतील.

वजनाचा आलेख वर चढतो आहे का, हे आपण पाहायला शिकलो. आता त्या मुलाला काय सांगायचे आहे, हे ऐकायला शिकले पाहिजे.