पोच आहे, उत्तर नाही

(गेट परीक्षेच्या एका खपाऊ मार्गदर्शिकेच्या प्रकाशकांस खुले पत्र)

प्रकाशक महाशय,



हे सहावे पत्र. पहिली पाच आपणांस पोचली याविषयी माझ्या मनात संशय नाही, कारण त्या पाचांच्याही पोचपावत्या, आपल्या कचेरीच्या गोल शिक्क्यासह आणि दर वेळी निराळ्या इसमाच्या परंतु सारख्याच दुर्वाच्य सहीसह, आमच्या वाचनालयाच्या दप्तरात तारीखवार लावून ठेविलेल्या आहेत. त्यांतील पहिली ऑगस्ट २०२३ मधली आणि शेवटची ऑगस्ट २०२४ मधली. पाचांपैकी एकालाही प्रतिसाद आला नाही असे म्हटले तर मात्र आपणांवर अन्याय होईल. तिसऱ्या पत्रानंतर आपल्या नव्या ग्रंथसूचीची एक प्रत आणि शेकडा दहा सवलतीचे एक कूपन आले होते. ते मी बारनिशीत आवक क्रमांक घालून नोंदविले. विषयाच्या रकान्यात काय लिहावे याचा उलगडा न झाल्यामुळे तो रकाना आजही कोरा आहे.

पहिली तीन पत्रे मी इंग्रजीत लिहिली, कारण ग्रंथ इंग्रजीत आहे आणि परीक्षाही इंग्रजीतच होते. पुढची मराठीत लिहिली, कारण आपल्या पुण्याच्या कचेरीत मराठी वाचणारी माणसे आहेत असे आपल्याच विक्रेत्याने सांगितले. दुसरे कारण खाजगी आहे: मला इंग्रजीत अर्ज करता येतो, रागावता येत नाही. आपले नाव या पत्रावर मी हेतुतः घातलेले नाही. ज्यांच्या टेबलावर अशीच पाच पत्रे पडून आहेत असे दुसरे कोणी प्रकाशक असतील, तर त्यांनीही हे आपल्यालाच आले आहे असे खुशाल समजावे.

पाचही पत्रांत मागणी एकच होती, ती म्हणजे शुद्धिपत्राची. आपल्या २०२४ सालच्या परीक्षेसाठी काढलेल्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या आवृत्तीत आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांना ६१ चुका सापडल्या. त्यांतल्या २३ ठिकाणी उत्तरच चुकीचे होते. १७ ठिकाणी उदाहरण बरोबर सोडवून शेवटी पर्यायाचे अक्षर भलतेच छापले होते. ९ ठिकाणी आकृती एका प्रश्नाची आणि मजकूर दुसऱ्याचा होता. आणि १२ प्रश्न दोन-दोन प्रकरणांत छापले जाऊन त्यांची दोन निरनिराळी उत्तरे निघाली होती. या सर्वांची यादी, पृष्ठ व प्रश्नक्रमांकासह, पहिल्याच पत्रासोबत चार पानी जोडपत्र म्हणून पाठविली. एवढ्या जाड ग्रंथात मुद्रणदोष राहतात हे मला ठाऊक आहे, आणि ६१ चुकांसाठी कोणी आपणांस फासावर देत नव्हते.

त्यानंतर जुलै २०२४ मध्ये आपली पुढील वर्षाची आवृत्ती आली. मुखपृष्ठावर ‘संपूर्ण सुधारित’ अशी सोनेरी अक्षरे होती, तोच दात दाखविणारा तरुण होता, फक्त त्याच्या सदऱ्याचा रंग बदलला होता. पृष्ठे १,१३६ ची १,१४० झाली होती, किंमत १,०९५ ची १,२४५ रुपये झाली होती. आम्ही जुनी प्रत डावीकडे आणि नवी उजवीकडे ठेवून रुजुवात घेतली. वाढलेली चारही पृष्ठे आपल्या ऑनलाइन वर्गाच्या जाहिरातीची निघाली, आणि ६१ चुकांपैकी ५८ चुका त्याच ठिकाणी, त्याच स्वल्पविरामासह सुखरूप होत्या. उरलेल्या ३ दुरुस्त झाल्या असे मानून क्षणभर मला बरे वाटले होते. परंतु ते तीन प्रश्नच आपण गाळून टाकिले आहेत.

एक चूक मात्र जवळून दाखवितो. यादीत ती क्रमांक १९ वर आहे. एक टोक भिंतीत घट्ट बसविलेली आणि दुसरे टोक अधांतरी असलेली, म्हणजे जिला मुले कॅन्टिलिव्हर म्हणतात तशी, ३ मीटर लांबीची तुळई. तिच्यावर सर्वत्र सारखा, दर मीटरला १० किलोन्यूटन भार. आणि तिचा ताठपणा, म्हणजे ई-आय, १०,००० किलोन्यूटन-चौरस मीटर. अधांतरी टोक किती खाली येईल, असा प्रश्न आहे. आपले उत्तर १.०५ मिलिमीटर. मी महसूल खात्यातला माणूस, तुळईशी माझा संबंध घराच्या आढ्यापुरता. परंतु आमच्याकडे रोज सायंकाळी येणाऱ्या एका विद्यार्थिनीने हे उत्तर का चुकले ते माझ्या टेबलाच्या कडेवर लाकडी फूटपट्टी ठेवून मला दाखविले. पट्टीची दोन टोके दोन पुस्तकांवर ठेवून मध्ये दाबली, तर ती जेमतेम वाकते. एक टोक टेबलावर दाबून धरले आणि उरलेली पट्टी मोकळी सोडून तिला भार दिला, तर ती कितीतरी अधिक झुकते. दोन्ही टोकांना आधार असलेल्या तुळईचे सूत्र पाच भागिले ३८४ चे, आणि अधांतरी तुळईचे एक भागिले आठचे. आपल्या लेखकांनी दुसरीच्या प्रश्नाला पहिलीचे सूत्र लाविले. खरे उत्तर १०.१२५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या उत्तराच्या ९.६ पट. आपल्या पुस्तकावरून कोणी घराचा सज्जा बांधला, तर त्याखाली उभे राहण्यास मी आपणांस आग्रहाने निमंत्रण देईन.

पण माझा राग तुळईसाठी नाही. त्या मुलीने स्वतः गणित केले तेव्हा तिचे उत्तर १०.१२५ च आले होते. मागे उलटून पाहिले तर छापील १.०५. तिने पुन्हा केले, पुन्हा तेच आले. मग तिने पहिल्यापासून सूत्र काढले, समाकलन तपासले, एकके तपासली, आणि चार सायंकाळी, घरी परतण्याची शेवटची एस. टी. रात्री साडेआठला सुटत असताना, तिने या एका प्रश्नावर घालविल्या, आणि पाचव्या दिवशी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “काका, माझा पायाच कच्चा दिसतोय, मी यंदा बसत नाही.” बरोबर असलेल्या पोरीला आपण चुकलेली ठरविलीत. ती घाबरून गेली, कारण १,१३६ पृष्ठांचे, पुठ्ठ्याच्या बांधणीचे, हजार रुपयांचे पुस्तक खोटे असू शकते हे तिच्या घरात कोणी कधी तिला शिकविले नव्हते. आमच्या भागात छापील अक्षराला अजून मान आहे, आणि आपला व्यापार त्या मानावर चालतो. पुढे तिचे काय झाले हे मी लिहीत नाही. प्रवेश मिळाला असता तर आपण तिचे छायाचित्र मुखपृष्ठासाठी मागितले असते.

मी ३४ वर्षे तहसील कचेरीत काढिली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. सात-बाराच्या उताऱ्यात चूक राहते हे मला आपणांस सांगावयाचे आहे, कारण आपली आणि माझी जात एकच, दोघेही लोकांच्या विश्वासावर कागद देणारे. परंतु १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे, आणि त्याचा उद्देशच लेखनप्रमादांची दुरुस्ती हा आहे. फेरफाराची नोंद झाली की तिची नोटीस चावडीवर लागते, हितसंबंधितांस कळविले जाते, हरकतींसाठी पंधरा दिवस ठेविले जातात, आणि मगच मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. या व्यवस्थेत किती दिरंगाई आणि किती चिरीमिरी चालते हे मला आपण सांगू नये, मी ती आतून पाहिली आहे. पण चूक दाखविल्यानंतर, अर्जावर शिक्का मारून घेतल्यानंतर, पुढच्या वर्षीच्या उताऱ्यात तीच चूक समजून-उमजून पुन्हा उतरविणारा तलाठी आढळला, तर त्याच्या कृत्याला आम्ही लेखनप्रमाद म्हणत नसू. त्याला दुसरा शब्द होता आणि त्यासाठी खातेनिहाय चौकशी बसत असे. तेव्हा माझ्या पहिल्या पत्राच्या, म्हणजे १४ ऑगस्ट २०२३ च्या, पूर्वीच्या ६१ चुका या चुका होत्या. जुलै २०२४ मधल्या ५८ चुकांना मी काय म्हणावे, ते आपणच आपल्या कायदेशीर सल्लागारांस विचारून कळवावे.

परीक्षा घेणाऱ्यांची रीत तरी पाहावयाची होती. ही परीक्षा बंगळुरूची विज्ञान संस्था आणि सात आयआयटी आळीपाळीने घेतात. २०२४ सालची बंगळुरूने घेतली, २०२५ ची रुरकीने. परीक्षेनंतर ती मंडळी उत्तरसूची जाहीर करतात, उमेदवारांकडून हरकती मागवितात, प्रत्येक हरकतीमागे ५०० रुपये घेतात (हे मला पटत नाही, गरीब मुलाने परीक्षकाची चूक काढण्यासाठी पैसे का भरावे?), आणि हरकत खरी निघाली तर उत्तर बदलतात किंवा त्या प्रश्नाचे गुण सर्वांना देऊन टाकतात. म्हणजे प्रश्न काढणारे प्राध्यापक जाहीरपणे चुकतात आणि जाहीरपणे सुधारतात. त्या प्रश्नांच्या नकला छापणारे आपण मात्र कधी चुकतच नाही.

दुसरी बाब थोडक्यात. आपल्या ‘परीक्षेचे स्वरूप’ या पानावर प्रत्येक चुकीच्या उत्तरास एक-तृतीयांश गुण वजा होतो असे छापले आहे. वस्तुस्थिती अशी की ६५ प्रश्न, १०० गुण आणि तीन तासांच्या या परीक्षेत वजावट केवळ एकच पर्याय बरोबर असलेल्या एमसीक्यू प्रश्नांना आहे, एका गुणाच्या प्रश्नास एक-तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नास दोन-तृतीयांश. जेथे संख्या टंकित करावयाची त्या एनएटी प्रश्नांना, आणि २०२१ पासून आलेल्या एमएसक्यू प्रश्नांना, चुकले तरी काही वजा होत नाही. ज्या मुलाने आपले पान प्रमाण मानून सराव केला, तो संख्यात्मक प्रश्न भीतीने कोरे सोडण्याची सवय स्वतःच्या खर्चाने लावून घेतो. आणि एमएसक्यूचे आपले नवे प्रकरण तर विनोदी वाङ्मयाच्या कपाटात ठेवावे अशा योग्यतेचे आहे. एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि बरोबर असलेले सर्वच्या सर्व निवडल्याखेरीज एकही गुण नाही, असा ज्या प्रकाराचा नियम, त्यातल्या ४० पैकी २६ प्रश्नांत आपण चौथा पर्याय ‘वरीलपैकी सर्व’ असा दिला आहे. जुन्या प्रश्नांचा मथळा तेवढा बदलला, एवढाच त्याचा अर्थ. ही २६ ची गणती मी ६१ मध्ये धरिलेली नाही. उदारपणाला मर्यादा असावी म्हणून येथे सांगितली.

पैशाचे सांगतो, कारण पैसे सार्वजनिक आहेत. दोन्ही वर्षी सहा-सहा प्रती घेतल्या: ६,५७० आणि ७,४७०, एकूण १४,०४० रुपये. अभ्यासिकेची वर्गणी दरमहा ३०० आहे. म्हणजे जवळजवळ ४७ मुलांनी एक महिना दिलेले पैसे आपल्या सोनेरी अक्षरांत गेले. या मुलांत ट्रॅक्टरवर जाणाऱ्यांची मुले आहेत, एक सकाळी दुधाच्या संकलन केंद्रावर उभा राहून मग येथे येतो. आयआयटीत एम. टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, ही गोष्ट त्यांच्या घरी कोणत्या स्वरात बोलली जाते ते आपण ऐकलेले नाही.

दुसरी आवृत्ती घेतलीच कशाला, असे आपण विचाराल. तो दोष माझा, आणि तो मी कार्यकारिणीपुढे कबूल केला आहे. ‘संपूर्ण सुधारित’ हे शब्द मी शपथपत्रातल्या शब्दांसारखे वाचले. यंदापासून पद्धत बदलली आहे. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरसूच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यांतले दहा प्रश्न मुलांनी निवडून दिले, ते कागदावर उतरवून मी पुण्यास अप्पा बळवंत चौकात गेलो आणि दुकानदाराच्या स्टुलावर बसून एकेक मार्गदर्शिका त्या दहा प्रश्नांशी ताडून पाहिली. दुकानदार पहिल्या तासाला कंटाळला, दुसऱ्या तासाला त्याने चहा मागविला आणि तिसऱ्याला तो स्वतःच पाने उलटू लागला. आपल्या ग्रंथात दहापैकी चार उत्तरे अंतिम सूचीशी जुळली नाहीत. तो मी फळीवर जसा होता तसा परत ठेविला. अखेरीस एक पातळ, बिनचित्राचे, केवळ मागच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह देणारे पुस्तक आणि दोन जुनी पाठ्यपुस्तके एवढेच घेऊन मी परतलो, आणि उरलेल्या पैशांतून अभ्यासिकेला एक इन्व्हर्टर बसविला.

आपल्या बारा प्रतींचे काय करावे, यावर कार्यकारिणीत वाद झाला. रद्दीत घालाव्या असा ठराव आला होता. तो मी मागे घ्यावयास लाविला, कारण रद्दीतून त्या दुसऱ्या कोणा गरिबाच्या हाती पडतील. जुन्या सहा कपाटात बंद आहेत. नव्या सहांत मुलांनी प्रत्येक चुकीवर लाल शाईची आडवी रेघ मारून समासात बरोबर उत्तर लिहिले आहे आणि खाली आद्याक्षरे व तारीख घातली आहे, जशी कचेरीत घालतात; हे मीच त्यांना शिकविले. १९ क्रमांकाच्या चुकीपाशी त्या मुलीची आद्याक्षरे आहेत. ती सही इतर सह्यांपेक्षा थोडी मोठी आली आहे.

पैसे परत मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवितो. तूर्त मागणी पूर्वीचीच. शुद्धिपत्र छापावयाचे मनात आलेच, तर सहा प्रती पाठवाव्या. डिंक आमच्याकडे आहे.

कळावे,

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून,
मानद चिटणीस, एका तालुका वाचनालयाची अभ्यासिका