अवकाश स्थानक आणि भाटघरचे पाणी

भाकरीचा प्रश्न सुटलेला नसताना अवकाश स्थानकाचे कौतुक कशाला, असा सवाल कार्यकर्ते करतात. सवाल रास्त आहे. पण अपुरा आहे. खरा प्रश्न भागीदारीच्या अटींचा आहे आणि तो भोर-वेल्ह्याच्या माणसाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

भाटघरचे धरण 1928 साली पूर्ण झाले. जमीन बुडाली ती भोर संस्थानातील; नीरेच्या कालव्यांनी पाणी मात्र बारामती-इंदापूरच्या उसाला दिले. त्या उसावर वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, त्यातून यंत्रोद्योग वाढला आणि पुढे तेथे ‘इस्रो’च्या अग्निबाणांची मोटार-आवरणे तयार होऊ लागली. वेल्ह्यातील पानशेतने पुण्याची तहान भागवली. ज्यांनी जमीन दिली, त्यांच्या वाट्याला भागीदारी आली नाही.

राष्ट्राराष्ट्रांतही हेच घडू शकते. 1991 मध्ये रशियाशी क्रायोजेनिक इंजिनांचा करार झाला. अमेरिकेच्या दडपणाखाली 1993 मध्ये रशियाने तंत्रज्ञान देणे नाकारले. मिळाली ती तयार यंत्रे. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनावरील उड्डाण यशस्वी व्हायला 2014 साल उजाडले. याउलट 1974 च्या फ्रान्सबरोबरच्या करारात भारताने मोबदला दिला तो मुख्यतः आपल्या अभियंत्यांच्या श्रमांचा. ते फ्रेंच कारखान्यात राबले, शिकले, आणि त्यातून ‘विकास’ इंजिन आले. आजही भारताचे अग्निबाण त्यावर उडतात. श्रम देऊन मिळवलेली विद्या कोणी परत मागू शकत नाही.

पंधरा राष्ट्रांच्या सहकार्यातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय स्थानकात 2000 पासून अखंड मनुष्यवस्ती आहे. 2025 मध्ये शुभांशु शुक्ला तेथे राहून आले, ते मोबदला मोजून घेतलेल्या आसनावर. अनुभव मोलाचा, पण विकत घेतलेले आसन म्हणजे भागीदारी नव्हे. भारताने 2035 पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचे ठरवले आहे. त्यासाठी परदेशांशी करार जरूर व्हावेत. मात्र त्यांत आरेखनापासून चाचणीपर्यंत भारतीय हातांना काम आणि ज्ञान मिळाले पाहिजे.

आणि ही अट सीमेपाशी थांबता कामा नये. सार्वजनिक पैशातून कंत्राटे घेणाऱ्या कारखानदारांनी भोर-वेल्ह्याच्या मुलामुलींना ते कौशल्य शिकवले पाहिजे, ही मागणी चळवळीने धरून लावावी. परदेशाकडे समतेची भागीदारी मागणाऱ्या देशाने ती आपल्या डोंगरी तालुक्यांना नाकारणे न्यायाचे नाही.