नवी डिझायर की जुनी सिटी?

कांद्याला बरा भाव मिळाला, उसाचा हप्ता वेळेवर खात्यात पडला, की राहुरी तालुक्यातल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो: आता चारचाकी घेऊन टाकू. मोटारसायकलवर लेकरू मधे बसवून नगरच्या दवाखान्यात जाणे थांबावे, म्हाताऱ्या आईवडिलांना भर पावसात एसटीची वाट पाहत उभे राहावे लागू नये, ही त्यामागची इच्छा अगदी रास्त आहे. खरा प्रश्न त्यापुढचा. शोरूममधली नवी घ्यायची, की कोणाच्या तरी दारातली चार-सहा वर्षे वापरलेली? आणि बऱ्याच घरांना हवी असते ती मोठ्या डिकीची, पाच माणसे नीट बसतील अशी सेडान.

या प्रश्नाचे उत्तर सप्टेंबर २०२५ नंतर बदलले आहे, आणि ते अजून पुरेसे लोकांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा सीएनजी गाडीवरचा जीएसटी १८ टक्के झाला. आधी तो उपकर धरून २९ टक्के होता. डिझायर, अमेझ, ऑरा, टिगोर या चारही सेडान या मापात बसतात. होंडा सिटी, व्हर्ना, स्लाव्हिया, व्हर्टस या मात्र साडेचार मीटरच्या पुढच्या. त्यांच्यावर ४० टक्के कर आहे. तोही आधीच्या ४५ टक्क्यांपेक्षा कमीच, पण दोन्हींतले अंतर वाढले. शिवाय महाराष्ट्रात पेट्रोल गाडीची किंमत दहा लाखांच्या आत असेल तर एकरकमी वाहनकर ११ टक्के, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के. म्हणजे मोठ्या सेडानला दोन्हीकडून जास्त मोजावे लागते. तिची शोरूमची किंमतच दहा-बारा लाखांपासून सुरू होते. विमा, कर, नोंदणी धरून रस्त्यावर येईपर्यंत आकडा कुठे जातो ते कोटेशन हातात पडल्यावरच कळते.

म्हणून माझे पहिले मत सरळ आहे. नवी घ्यायची असेल तर चार मीटरच्या आतली घ्यावी. आणि खरोखर मोठी, लांबच्या प्रवासाला आरामाची सेडान हवी असेल तर ती वापरलेली घ्यावी. नवी मोठी सेडान बेताच्या कमाईच्या घरासाठी आता राहिलेली नाही.

मोठ्या सेडानच्या जुन्या बाजारात आज घेणाऱ्याला फायदा आहे, त्याचेही कारण आहे. लोकांचा ओढा उंच, एसयूव्हीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांकडे गेला. मारुतीची सियाझ २०१४ मध्ये आली आणि २०२५ मध्ये बंद झाली. चांगली गाडी होती. ५१० लिटरची डिकी, मागे पाय पसरून बसण्याइतकी जागा. पण गिऱ्हाईक कमी म्हणून आज जुनी सियाझ किंवा सिटी तुलनेने स्वस्तात मिळते. त्यात नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांचा भावही खाली यायला हवा. विकणारा अजून कर कमी होण्याआधीच्या किमतीवर अडून बसला असेल, तर त्याच गाडीच्या आजच्या नव्या किमतीचा कागद त्याच्यापुढे ठेवावा आणि मग बोलणे सुरू करावे.

आता पैशाचा हिशेब. नव्या गाडीचा भाव पहिल्या वर्षांत सर्वात वेगाने पडतो. विमा कंपन्या गाडीची किंमत ज्या तक्त्याने धरतात तो पाहिला तरी पुरे: एक वर्ष पूर्ण होण्याआधीच १५ टक्के घट, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला निम्मी. बाजारभाव याच तक्त्याप्रमाणे चालतो असे नाही, डिझायरसारखी गाडी त्याहून बराच चांगला भाव टिकवते. तरी पहिल्या मालकाने सोसलेली घट दुसऱ्या मालकाच्या पदरात पडते, हे खोटे नाही.

पण हप्ता हा खरा मुद्दा. सात लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर महिन्याला साधारण १४,५०० रुपये हप्ता बसतो. तो जड वाटतो म्हणून सात वर्षांचे कर्ज घेतले, तर हप्ता ११,३०० च्या आसपास येतो, पण व्याज पावणेदोन लाखांवरून जवळजवळ अडीच लाखांवर जाते. जुन्या गाडीला बँका व्याज चढे लावतात. साडेतीन लाख १३ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ९,४०० च्या घरात आणि एकूण व्याज सुमारे एक लाख. रक्कम निम्मी, मुदत कमी, तरी व्याजाचा भार नव्या गाडीच्या मानाने जड. म्हणून जुनी गाडी शक्यतो रोखीने घ्यावी. तिच्यासाठी मोठे कर्ज काढले की तिचा निम्मा फायदा तिथेच संपतो.

आणि हप्ता कशातून जाणार? राहुरीच्या कृषी विद्यापीठातले नोकरदार, शिक्षक, बँकेतले कर्मचारी यांना महिन्याला पगार येतो. त्यांना महिन्याचा हप्ता पेलतो. शेतकऱ्याची कमाई अशी येत नाही. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो, पण तो बहुतेक पेंडीत आणि घरखर्चात जिरतो. कांद्याचे पैसे वांबोरीच्या बाजारात गोण्या उतरतील तेव्हा, आणि भाव असेल तर. उसाचे पैसे हंगामात. कायद्याने चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, मिळायला हवी, पण ऊस कोणाच्या कारखान्याला जाईल, याची खात्री या तालुक्याने किती वेळा गमावली आहे! राहुरीचा तनपुरे साखर कारखाना अनेक हंगाम बंद राहिला, तेव्हा इथल्या लोकांनी ऊस बाहेर घालवला आणि पैशासाठी वाट पाहिली. अशा घराने दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेला हप्ता सात वर्षे अंगावर घ्यावा का? माझे उत्तर नाही असे आहे. त्याने पीक हाती आल्यावर साचलेल्या पैशातून जुनी घ्यावी, आणि त्यातले थोडे टायर, बॅटरी, सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवावेत. जुनी गाडी पहिल्या वर्षात पैसे मागतेच.

नव्या गाडीची बाजू मात्र एका ठिकाणी इतकी वजनदार आहे की ती हलकी करून सांगणे चुकीचे ठरेल. ती बाजू सुरक्षेची. नगर-मनमाड महामार्ग राहुरीतून जातो, आणि त्याची वर्षानुवर्षे रखडलेली कामे, खड्डे, अपघात यांच्याबद्दल इथे कोणाला नव्याने सांगायला नको. गाळपाच्या हंगामात रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर येते तेव्हा ब्रेक आणि एअरबॅग हाच आधार. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले. मारुतीच्या कोणत्याही गाडीला मिळालेले ते पहिलेच. सहा एअरबॅग सर्व मॉडेलांत आहेत. त्याच सुमारास आलेल्या नव्या अमेझमध्येही सहा एअरबॅग आहेत.

जुन्या गाड्यांत वर्ष पाहणे म्हणून फार महत्त्वाचे आहे. सर्व मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग सर्व गाड्यांत २०२२ च्या सुरुवातीपासून. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत यांपैकी काहीच नसण्याची शक्यता असते. सिटीसारख्या वरच्या गाडीत या गोष्टी लवकर आल्या, पण ‘सिटी आहे म्हणजे असणारच’ असे धरून चालू नये. डॅशबोर्डवरची खूण आणि कागदावरचे मॉडेल दोन्ही पाहावेत. जो माणूस रोज राहुरीहून नगरला जातो-येतो, त्याने २०१९ च्या आधीची गाडी घेऊ नये असे मी ठामपणे म्हणेन. त्याच्यासाठी नव्या गाडीचा जास्तीचा हप्तासुद्धा योग्य ठरतो. ज्याची गाडी आठवड्याला एकदा बाजाराला, महिन्यातून एकदा शिर्डीला किंवा शिंगणापूरला जाते, त्याचा हिशेब वेगळा.

आणखी एक गोष्ट आपल्याच उसाशी जोडलेली आहे. पंपावरचे पेट्रोल आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले आहे. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या त्यासाठी तयार केलेल्या असतात. त्याआधीच्या गाडीत मायलेज थोडे घटते आणि रबरी नळ्या, गॅस्केट यांच्याकडे जरा जास्त लक्ष द्यावे लागते. गाडी लगेच बिघडते असे नव्हे. पण जुनी घेताना हा खर्च मनात धरावा. इथेनॉल आपल्या जिल्ह्याच्या कारखान्यांना आधार देते, तेव्हा ते नको असे म्हणण्यात अर्थ नाही.

जुनी गाडी घेताना या भागात एक धोका खास आहे, तो म्हणजे टुरिस्ट म्हणून पळालेली गाडी. शिर्डी-शिंगणापूरच्या वाटेवर डिझायर आणि एटिऑस भाविकांना घेऊन दिवसरात्र पळतात. काही वर्षांनी पिवळी पाटी जाऊन पांढरी येते, सीटला नवे कव्हर चढते, आणि मीटरवर मात्र सत्तर हजार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर दिला की कोणत्या तारखेला किती किलोमीटर झाले होते ते बहुधा कळते. ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झालेले, स्टिअरिंग चकाकायला लागलेले आणि मीटर चाळीस हजार दाखवत असेल, तर तिथूनच परत फिरावे. लांबच्या शहरातून आलेली गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा: पुरात बुडालेल्या गाडीचा बेल्ट बाहेरून धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहून जाते. सीटखालच्या पट्ट्यांवर बोट फिरवावे, गंज आणि बारीक गाळ हाताला लागतो. २०२१ च्या पुरात कोकणातल्या, त्याआधी कोल्हापूर-सांगलीकडच्या अनेक गाड्या पाण्यात गेल्या होत्या; त्यांतली एखादी धुऊनपुसून कुठल्याही गावच्या बाजारात येऊ शकते. घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायला आपण जाणता माणूस सोबत नेतो. चार लाखांची गाडी घ्यायला तर आपला नेहमीचा फिटर सोबत हवाच. त्याला दिवसाची मजुरी द्यावी, आणि गाडी थंड असताना सकाळी सुरू करून दाखवायला सांगावे.

सेडान घ्यावी की नाही, याचाही विचार वस्तीवर राहणाऱ्यांनी करायला हवा. गावठाणात डांबरी रस्त्यावर घर असेल तर प्रश्न नाही. पण काळ्या रानातल्या पाणंद रस्त्याने, पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांतून घरी जायचे असेल, तर डिझायरचा तळ जमिनीपासून १६३ मिलिमीटर आहे आणि अमेझचा १७२, हे लक्षात घ्यावे. पाच माणसे आणि सामान भरले की तो आणखी खाली येतो. मुळा धरणाच्या कालव्याखालच्या काही शिवारांत जूनपासून दिवाळीपर्यंत सेडान रस्त्यालाच लावून पुढे चालत जावे लागते. अशा घराला उंच गाडी बरी पडेल, जरी तिची डिकी लहान असली तरी. घरात गुडघे दुखणारी आई असेल, तर तिला दोन्ही गाड्यांत बसवून-उतरवून पाहावे आणि तिला सोपी जाईल ती घ्यावी.

नव्या गाडीची हौसही काही लहान गोष्ट नाही. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्या घरात पेढे वाटले जातात, हार घातला जातो, मुले शाळेत सांगतात. त्या आनंदाला किंमत आहे आणि ज्याला परवडते त्याने तो घ्यावा. फक्त तो आनंद सात वर्षांच्या हप्त्यावर उभा असेल, आणि मधल्या एका वर्षी कांदा दोनशे रुपये क्विंटलवर आला, तर तोच हप्ता घरात भांडणे लावतो.

जुनीचा व्यवहार ठरला, की सर्वात जास्त हयगय कागदांत होते. गाडी आधीच्या मालकाने कर्जावर घेतली असेल तर तिच्यावर बोजा असतो. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का ते पाहावे. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असे नाही. श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयात तिची नोंद बदलेपर्यंत ती कायद्याने जुन्याच मालकाची राहते. गाडी विकणाऱ्याला तर हे जास्तच कळायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, गाडी त्याने कितीही पूर्वी विकलेली असो. त्यामुळे ‘सह्या करून देतो, नावावर नंतर कर’ असे नात्यागोत्यातही म्हणू नये, आणि कोणी म्हटले तर ऐकू नये. किल्ली देण्याच्या दिवशीच दोघांनी मिळून अर्ज भरावा, फी भरावी आणि पावतीचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवावा.