तात्यांची टॉमीगन आणि आमचा सातबारा

बरेच दिवसांनी लिहिते आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे कॉम्प्युटरपुढे बसायला डॉक्टरांनी मनाई केली होती. आता दिसतंय छान. आणि दिसायला लागल्यावर पहिलं काय वाचलं असेल, तर सेकंड हँड मशीनगन कशी विकत घ्यावी याची माहिती!

हसू नका. शाळेत तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला सत्तरी ओलांडल्यावर हा अभ्यास करावा लागला, त्याला कारण आहे आमचा भाचा. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. टेक्सासला असतो, तिकडचा नागरिक झाला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. (त्याला विचारूनच हे लिहिते आहे. "नाव नको घालूस आत्या, बाकी काय ते लिही" म्हणाला.)

तर झालं असं. माणगावजवळच्या आमच्या गावी तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भातशेत आहे. भाऊ गेल्यानंतर सातबाऱ्यावर भाच्याचं आणि माझं अशी दोन नावं लागली. मागच्या महिन्यात त्याचा फोन. "आत्या, शेत विकू या का? तुझी सही लागेल." मी म्हटलं, "अचानक का रे? काही अडचण आहे का?" तर म्हणे, "अडचण नाही. माझ्या वाट्याच्या पैशांत मला टॉमीगन घ्यायची आहे."

मला वाटलं डोळ्यांबरोबर कानही गेले.

त्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं तेव्हा उलगडा झाला. आमच्या घरी तात्यांचा एक फोटो आहे. मराठा पलटणीत होते ते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. फोटोत विशी-बाविशीचे तात्या हातात आखूड बंदूक धरून उभे आहेत. भाचा लहानपणी सुट्टीत यायचा तेव्हा त्या फोटोखाली तासन् तास बसायचा. आता त्याने तो फोटो मोठा करून बंदूक ओळखून काढली. थॉम्पसन सबमशीनगन, सैनिकांच्या भाषेत टॉमीगन. आणि आजोबांच्या हातात होती तसली एक आपल्याही घरात असावी, असं त्याला वाटायला लागलं.

माझा पहिला प्रश्न कुठल्याही मास्तरणीचा असेल तोच. "अरे, कायद्याने चालतं का हे?"

चालतं. इथून माझ्या अभ्यासाला सुरुवात झाली.

जॉन थॉम्पसन नावाच्या अमेरिकन सेनाधिकाऱ्याने ही बंदूक पहिल्या महायुद्धासाठी योजली, शत्रूचे खंदक झाडून काढणारा झाडू म्हणून. ती तयार होईपर्यंत १९१८ उजाडलं आणि युद्धच संपलं. मग १९२१ पासून कोल्ट कंपनीने पंधरा हजार बंदुका बनवल्या, पण दोनशे डॉलरच्या आसपास किंमत, गिऱ्हाईक फार नाही. नाव झालं ते दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांमुळे. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोत सात माणसं मारली गेली त्यातही हीच होती. शेवटी १९३४ साली अमेरिकेने कायदा केला. चाप एकदा ओढल्यावर एकाहून जास्त गोळ्या सुटतात ती मशीनगन, तिची नोंदणी करायची आणि प्रत्येक खरेदीला दोनशे डॉलर कर भरायचा. कर जवळजवळ बंदुकीच्या किमतीएवढा! बंदी घातली नाही, पण सामान्य माणसाने वाटेला जाऊ नये एवढी सोय केली. गंमत म्हणजे तो कर आजही दोनशेच आहे. २०२६ च्या १ जानेवारीपासून सायलेन्सर वगैरेंवरचा कर शून्य केला, पण मशीनगनवरचा तसाच ठेवला.

खरी गोष्ट घडली १९ मे १९८६ ला. त्या दिवशी रेगन यांनी सही केलेल्या कायद्यात एक कलम होतं, की यापुढे बनलेली मशीनगन खाजगी माणसाला मिळणार नाही. आधी नोंदलेल्या तेवढ्याच फिरत राहतील. म्हणजे भाच्याला जी मिळेल ती किमान चाळीस वर्षांची जुनी. नवी मिळतच नाही. सेकंड हँड हाच एक हँड.

आणि माल वाढत नाही, गिऱ्हाईक वाढतं, मग भाव कुठे जाणार? युद्धकाळात सरकारला शंभर डॉलरच्या आत पडू लागलेली थॉम्पसन आज वीस हजार डॉलरच्या घरात आणि पुढे. म्हणजे सतरा-अठरा लाख रुपये. "आपलं बजेट त्याच्या निम्मं आहे आत्या," भाचा म्हणाला. निम्म्यात काय मिळतं? मॅक नावाची एक बंदूक. पत्र्याची पेटी वाकवून केल्यासारखी, १९८० च्या सुमाराला काहीशे डॉलरला मिळायची. आता आठ-दहा हजार, कधी त्याहून जास्त. मी तिचा फोटो पाहिला. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवासुद्धा दिसायला बरा होता.

आता जुनी वस्तू घेण्याची रीत. आमच्या ह्यांनी सेकंड हँड स्कूटर घेतली होती तेव्हा आरसी बुकातला चासी नंबर भिंग लावून पत्र्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला होता. इथेही तसंच. बंदुकीचा मुख्य सांगाडा, ज्याला रिसीव्हर म्हणतात, त्यावरचा क्रमांक सरकारी कागदाशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. नळी झिजली, स्प्रिंग गेली तर बदलता येते. पण नोंद आहे ती सहसा सांगाड्याची. तो कायमचा निकामी झाला तर त्याच्या जागी नवा नोंदता येत नाही, दार १९८६ सालीच बंद झालंय. बोटांचे ठसे, फोटो, सरकारी तपासणी हे सगळं आहेच. पूर्वी परवानगीला आठ-दहा महिने लागायचे, आता ऑनलाइन अर्ज केला की काही दिवसांत-आठवड्यांतसुद्धा मिळते म्हणे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. मी सुरुवातीला भांडायच्या तयारीत होते. आम्हा मराठी माणसांना अशा बंदुकीचा आवाज म्हटलं की २००८ सालची २६ नोव्हेंबरची रात्र आठवते, हातात काठी असताना एके-४७ ची नळी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे आठवतात. पण वाचलं तेव्हा कळलं, की तिकडे नोंदलेल्या अशा मशीनगनी गुन्ह्यात वापरल्याची उदाहरणं फारच थोडी. एवढे पैसे आणि एवढे कागद घालून जी वस्तू घेतली, ती लोक तिजोरीत जपून ठेवतात. आमचा भाचाही शांत स्वभावाचा आहे. तेव्हा भीतीचा मुद्दा मी बाजूला ठेवला.

तरीही माझं मत आहे, की त्याने ती घेऊ नये. कारणं देते.

पहिलं, 'स्वस्तात' हा शब्द इथे फसवा आहे. बजेटमध्ये बसते ती मॅक, आणि तात्यांच्या हातात मॅक नव्हती. ज्या आठवणीपोटी हे चाललंय ती आठवणच त्या पैशांत येत नाही. शिवाय थॉम्पसन मिनिटाला सातशेच्या गतीने झाडते. तीस गोळ्यांचं मॅगझिन अडीच सेकंदांत रिकामं. एक गोळी चाळीस-पन्नास सेंट धरली, तर 'हर हर महादेव' म्हणून व्हायच्या आत हजार-बाराशे रुपये हवेत. हा पांढरा हत्ती नुसता घ्यायचा नाही, पोसायचाही आहे.

दुसरं, तो म्हणतो, "आत्या, ही गुंतवणूक आहे. भाव कधी उतरला नाही." माझ्या वयाच्या वाचकांना स्कूटरचे दिवस आठवत असतील. नंबर लावल्यावर आठ-आठ, दहा-दहा वर्षं थांबायचं, आणि वापरलेली स्कूटर नव्या किमतीहून जास्तीने विकली जायची! तो भाव स्कूटरचा नव्हता, परवाना पद्धतीचा होता. उत्पादन खुलं झालं आणि ते 'ऑन' कुठल्या कुठे गेलं. या बंदुकीचंही तेच आहे. लोखंडाची किंमत थोडी, बाकी सगळी किंमत एका कलमाची. उद्या ते कलम काढलं तर भाव कोसळला. उलट उद्या पूर्ण बंदी आली तरीही कोसळला. दोन्हीकडून घात. त्यात दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी सरकारची परवानगी, आणि उद्या नोकरीने कॅलिफोर्नियात नेलं तर तिथे ठेवताच येत नाही. जी वस्तू माणसाला बदली घेऊ देत नाही तिला गुंतवणूक म्हणावं की बेडी?

आणि पुरवठा थांबलाय म्हणून भाव चढतो हे खरं असेल, तर बाबा रे, तात्यांच्या भातशेताचं उत्पादन १९८६ ला नाही, सृष्टीच्या आरंभीच थांबलंय!

यावर तो जे बोलला ते मला लागलं. "आत्या, शेतात आहे काय? दहा वर्षांत कोणी नांगर घातला नाही. रान माजलंय. तू तरी शेवटची कधी गेलीस?"

खरं आहे. मी चार वर्षांत गेलेली नाही. जमीन राखण्याबद्दल बोलायचा अधिकार मी पुण्यात फ्लॅटमध्ये बसून किती सांगणार? हे मी त्याला तसंच कबूल केलं.

पण तिसरं कारण राहतंच, आणि ते मला सर्वांत मोठं वाटतं. तात्या त्या बंदुकीबद्दल कधीच बोलले नाहीत. इटलीतला चिखल सांगायचे, थंडी सांगायचे, डोंगरावर ओझी वाहणाऱ्या खेचरांचे हट्ट सांगायचे. एकदा मी विचारलं, "तात्या, फोटोतली बंदूक कुठे गेली?" तर म्हणाले, "सरकारची होती, मोजून परत घेतली. सुटलो." एवढंच. मग विळा घेऊन बांधावर गेले.

आमच्याच माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. हातात हीच टॉमीगन. मॅगझिन बदलायला सवड उरली नाही, तेव्हा नळी हातात धरून तिचा सोटा केला आणि लढले. लगेच त्यांनाही गोळ्या लागल्या. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलंय. माणगावात त्यांचा पुतळा आहे, मी दरवर्षी मुलांना तिथे नेत असे. आणि २०२३ साली इटलीतल्या मोन्तोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघडी उभारली. परक्या देशातल्या लोकांना आठवण ठेवायला बंदूक लागली नाही. सावली पडेल असा एक दगड पुरला.

म्हणून मी भाच्याला सुचवलं ते असं. टॉमीगन चालवून बघायचीच हौस असेल तर तिकडे भाड्याने चालवायला देतात, तासाभराची हौस फेड. घरात ठेवायची असेल तर न चालणारी हुबेहूब प्रतिकृती घे. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या केंद्राकडे पत्र लिही, तात्यांच्या नोकरीचे कागद मिळतात का विचार. आणि बंदुकीच्या पैशांतला लहानसा वाटा काढून लेकीला घेऊन इटलीला जा. पणजोबा कुठल्या चिखलात उभे होते ते तिला दाखव. आत्यालाही ने, गुडघे साथ देतील तोवर.

सहीचं म्हणाल, तर ती मी देणार आहे. शेताची सरळ वाटणी करून त्याचा अर्धा भाग त्याच्या नावे करून द्यायला मी तयार आहे. त्याचा वाटा त्याचा, त्याचं काय करायचं ते त्याने ठरवावं. आत्याची सही अडवून ठेवून मिळवलेला होकार मला नको. शाळेतही छडी दाखवून पाठ करून घेतलेलं कधी टिकलं नाही. माझा अर्धा मात्र मी विकणार नाही, आणि येत्या पावसाळ्याआधी जाऊन रान साफ करून घेणार आहे. चार वर्षं गेले नाही ही चूक माझी, ती मी सुधारते.

परवा त्याचा निरोप आला. "फॉर्म थांबवलाय आत्या. रद्द नाही केलेला. आधी मे महिन्यात गावी येतो."

असो. येऊ दे. रान तोडायला एक माणूस वाढला.

तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा. आणि आमच्या घरच्या मंडळींनी मला फोन करून भाच्याला बोल लावू नयेत, ही विनंती. जे सांगायचं ते इथेच लिहा, तो वाचतो.