भार वाढवावा, पण खांदेही वाढवावेत

सन १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. तोपर्यंत कोकण व देश यांमधील माल बैलांच्या पाठीवरून घाट चढत-उतरत असे. अनेक बैलांचे ओझे एका गाडीत मावू लागले आणि वाहतूक सोपी झाली. अधिकाधिक माल एकाच वाहनातून न्यावा ही व्यापाऱ्याची इच्छा तेव्हाही होती, आजही आहे. आणि ती गैर आहे, असे कोणीही सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही. दोन मालमोटारींचे काम एकीने केले, तर इंधन वाचते, खर्च उतरतो व रस्त्यावरील गर्दीही घटते. प्रश्न एवढाच की, या बचतीची किंमत कोणी द्यावयाची?

२०१८ च्या जुलै महिन्यात भारत सरकारने मालमोटारींची भारमर्यादा वाढविली. चार चाके असलेल्या एका आसावर पूर्वी १०.२ टन भार चाले, तो ११.५ टन झाला. सहा आसांच्या जोडगाडीचे एकंदर वजन ४९ टनांवरून ५५ टनांवर गेले. वाढ अल्प भासते. परंतु रस्त्याचे गणित व्यापाऱ्याच्या गणिताहून निराळे आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी वारंवार फिरवून प्रयोग करण्यात आले. त्यांवरून असे दिसले की, आसावरील भार दुप्पट झाला, तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते. या हिशेबाने १०.२ चे ११.५ टन होताच त्या आसाच्या प्रत्येक फेरीची झीज दीडपटीहून अधिक होते.

म्हणून मोठी मालमोटार मुळातच वाईट, असे मात्र नव्हे. फिनलंड देशाने २०१३ मध्ये ७६ टनांच्या गाड्यांना मोकळीक दिली. पण अशा गाडीस नऊ आस असावे लागतात. म्हणजे दर आसावर सरासरी साडेआठ टनही भार येत नाही. आपल्या ५५ टनांच्या गाडीत तो नऊ टनांहून अधिक येतो! पालखी जड झाली, तर शहाणा मनुष्य भोई वाढवितो. त्याच चौघांच्या खांद्यांवर अधिक ओझे लादीत नाही. रस्त्याच्या बाबतीतही न्याय हाच आहे.

खरा शत्रू गाडीची लांबी नसून मर्यादेबाहेरचा भार होय. तो उतारावर ब्रेक तापवितो, गाडी थांबण्यास अधिक अंतर लावतो आणि चालकाचा जीव धोक्यात घालतो. २०१९ च्या सुधारित कायद्याने अशा गुन्ह्यास वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनास आणखी दोन हजार रुपये दंड ठरविला आहे. परंतु तोलकाट्यावर डोळेझाक झाली, तर कायदा कागदावरच राहतो. मग नफा एकाचा आणि खड्डे सर्वांचे. वड्याचे तेल वांग्यावर! त्या खड्ड्यांतून सायकलीवर शाळेस येणारी मुलेच प्रथम पडतात.

आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी दुकान, शेती वा मालमोटार असेल. त्यांनी माल अवश्य धाडावा, गाड्याही मोठ्या कराव्यात; पण भार वाढविताना चाके वाढवावीत, आणि आणखी एक पोते चढविण्यापूर्वी त्या सायकलीवरील मुलाचे स्मरण करावे. रस्ता कोणा एकाचा नसतो. म्हणूनच तो जपणे प्रत्येकाचे कर्तव्य ठरते.