जिवाणू राबतात, परवाना अडवतो



ठिबकच्या नळ्यांत बुळबुळीत थर धरला की आपण क्लोरीन सोडतो. असाच जिवाणूंचा थर कारखान्यात मात्र मुद्दाम पोसतात. जर्मनीत १८२३ साली श्युत्झेनबाखने उंच पिंपात बीच लाकडाच्या ढलप्या भरल्या, वरून पातळ मद्यार्क ठिबकवला, खालून हवा खेळवली. ढलप्यांना चिकटलेल्या जिवाणूंनी त्याचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, केला. एरवी आठवडे, महिने लागत ते काम दिवसांवर आले. थर बसला की वर्षानुवर्षे राबतो. हवा तोडली की मरतो. मोठे कारखाने आता हवा घुसळणाऱ्या टाक्या वापरतात, पण लहान धंद्याला ढलप्याही पुरतात.

मग उसाच्या गावात सिरका का होत नाही? ऊस आपला, मळी आपल्याच उसाची. मद्यार्क मात्र राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याच्या कुलुपात! ७ डिसेंबर २०२३ रोजी तर केंद्राने उसाच्या रसाचे इथेनॉल करण्यावरच बंदी घातली. आठवडाभरात ती सैल केली. पुरती उठवली ऑगस्ट २०२४ मध्ये, गाळप हंगाम सरल्यावर. शास्त्रज्ञ अशा थरांकडून आणखी रसायने करून घेऊ पाहताहेत. जरूर करावीत. पण कच्च्या मालाची किल्ली सरकारकडेच राहिली तर त्यात आपल्या वाट्याला काय येणार? सिरक्यापुरता मद्यार्क गावातच करण्याची मुभा द्या, ही मागणी जिल्हा बैठकीत ठरावात घ्यावी.